चावी देवाजवळ आहे

लहान्याने स्टिअरिंगच्या उजवीकडे बोट फिरवलं, डावीकडे फिरवलं, वाकून पायांच्या जागेतही पाहिलं. पण चावी घालायचं भोक काही सापडेना. तीस वर्षं दाभोशाहून जव्हार-मोखाड्याला जीप चालवलेला माणूस आपल्याच मुलीच्या गाडीत असा चाचपडतोय, हे कुणी बघत तर नाही ना, म्हणून त्याने बाहेर नजर टाकली. बाहेर नवशी उभी होती. ठेवणीतली हिरवी साडी, केसांना तेल, हातात लग्नघरी न्यायची पिशवी. आणि ती बघतच होती.

“भोकच नाय हिला,” लहान्या म्हणाला.

“बटन दाब म्हणली ना पोरगी?”

“ता मला म्हायती हाय. मी नुसता बघत होतो.”

गाडी प्रगतीची. नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स असलेल्या त्यांच्या मुलीने महिन्यापूर्वी ही पांढरी गाडी घेतली होती. जुनीच, पण लहान्याच्या हिशेबाने अगदी कोरी. काल ती गाडी पाड्यावर घेऊन आली आणि संध्याकाळी मैत्रिणीच्या स्कूटीवर बसून मोखाड्याच्या पलीकडे मामाकडे निघूनही गेली. मामाच्या हर्षालीचं लग्न होतं आणि नवरीच्या हातावर मेंदी काढायला हिच्याइतकं कुणी तरबेज नव्हतं. जाताना तिने बापाला उभ्याउभ्या धडा दिला. “ब्रेक दाबायचा, बटन दाबायचं, बास. नी बाबा, चावी जप हां. एकच हाय. हरवली तर लई वांधे.”

चावी म्हणजे साबणाच्या छोट्या वडीएवढा काळा गुळगुळीत ठोकळा. त्याला ना दात, ना पातं. लहान्याने रात्री तो उलटसुलट करून पाहिला होता आणि अशा चावीवर विश्वास कसा ठेवायचा, या विचारात झोपला होता.

त्याने ब्रेक दाबला, बटण दाबलं. गाडी इतक्या हळू आवाजात चालू झाली की ती चालू झाल्याचं नवशीलाच आधी कळलं.

आता लहान्याच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो विचार पूर्णपणे शहाण्या माणसाचा होता हे आपण मान्य करायला हवं. चावीने दार उघडतं. गाडी चालते बटणावर. म्हणजे चावी ही फक्त कुलपाची. मग ती लग्नाच्या गर्दीत कशाला न्यायची? कुणाच्या खिशात जाईल, कुठे पडेल. मुलीने तर बजावून सांगितलंय, चावी जप.

“नवशे, ही देवाजवळ ठेवून ये,” तो म्हणाला.

नवशीलाही ते पटलं. घरात धान्याची देवी कणसरी, आणि तिच्यापुढे तांदळाची टोपली. जे जे जपायचं ते या घरात त्या टोपलीत जायचं. रेशन कार्ड तिथे, प्रगतीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र तिथे. एकदा तिथे ठेवलेली वस्तू घरच्या माणसाशिवाय कुणी उचलायची नाही, हा पाड्यावरचा रिवाज कुठल्याही तिजोरीपेक्षा पक्का होता. नवशीने चावीला कुंकू लावलं, तांदळात अर्धी पुरली, हात जोडले, दाराची कडी लावली आणि येऊन गाडीत बसली. पुढे बसली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट या पुढच्या सीटची आहे.

लहान्याच्या जीपमध्ये नवशीला पुढे बसायला कधी मिळालंच नव्हतं. पुढची जागा असायची गुरुजींना, ग्रामसेवकाला, आजारी म्हाताऱ्याला, लेकुरवाळीला. नवशी मागे, कोंबड्यांच्या खुराड्याला पाय लावून. गर्दी वाढली की लहान्या म्हणायचा, “तू उतर, घरचीच हायस. मागनं ये.” मग ती मोखाड्याहून माहेरापर्यंत पायी जायची, आणि तिचा भाऊ धर्मेंद्र अंगणातूनच ओरडायचा, “आली बघा ड्रायव्हरची बायको! पायी आली!” सगळे हसायचे. नवशीही हसायची. तीस वर्षं हसली. गेल्या दिवाळीत जीप भंगारात गेली तेव्हा ती चुलीपुढे बसून रडली, आणि लहान्याला वाटलं, हिला जीपचं दुःख झालं.

काल गाडी दारात येताच ती एवढंच म्हणाली होती, “उद्या मी पुढं बसणार.”

“बस की. नको कोण म्हणतो?” लहान्या म्हणाला होता.

आणि आज तर तिचं माहेरी जाणं नुसतं पाहुणीचं नव्हतं. त्यांच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते. आत्या आल्याशिवाय हळदीच्या वाटीला कुणी हात लावत नाही. दुपारच्या आत पोहोचायचं होतं, गाडीने पोहोचायचं होतं, पुढच्या सीटवरून उतरायचं होतं, आणि ते धर्मेंद्रने पाहायचं होतं.

गाडी पाड्याबाहेर पडायच्या आधीच टुंग टुंग वाजायला लागली. स्टिअरिंगमागच्या काचेत एक पिवळं चित्र लुकलुकू लागलं.

“चावीचं चित्र हाय ता,” नवशी म्हणाली.

“पट्टा लाव. पट्ट्यासाठी वाजते.”

पट्टा लावला. गाडी आणखी थोडी वाजली आणि दमून गप्प बसली. नवशीने खिडकीची काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि करवंदं विकायला बसलेल्या बायकांकडे बघून विनाकारण मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते लहान्याने पाहिलं नाही. त्याचं लक्ष रस्त्याच्या कडेला गेलं होतं, कारण तिथे गुरुजी उभे होते.

हात दाखवणाऱ्या माणसाला सोडून पुढे जाणं लहान्याच्या पायाला जमतच नव्हतं. ब्रेक आपोआप लागला. आणि तोंडही आपोआपच चाललं.

“या गुरुजी, या! नवशे, तू मागं बस जरा.”

नवशीने पट्टा सोडला, साडी आवरली आणि मागे जाऊन बसली. दार मात्र असं लावलं की गुरुजी दचकले.

गुरुजी निवृत्त झाले होते, पण शिकवायची सवय गेली नव्हती. त्यांनी डोळे बारीक करून समोरचं इंग्रजी वाचायचा प्रयत्न केला. चष्मा घरी राहिला होता.

“लहान्या, हिथं चावीबद्दल काहीतरी लिहिलंय बघ.”

“चावी देवाजवळ हाय, गुरुजी.”

“मग काळजी नाही,” गुरुजी म्हणाले.

जव्हार येईपर्यंत मागची सीट रिकामी असल्यासारखी गप्प होती. जव्हारला गुरुजी बँकेपाशी उतरले, आणि उतरतानाही लहान्याने गाडी बंद केली नाही. यात त्याची हुशारी नव्हती, सवय होती. त्याच्या जीपचा स्टार्टर कधीच मेला होता. सकाळी उतारावर ढकलून चालू केलेलं इंजिन दिवस मावळेपर्यंत बंद करायचं नाही, जेवतानाही नाही, हा त्याचा नेम. त्या जीपची चावी तर इतकी झिजली होती की चमच्याच्या दांड्यानेही काम भागायचं. असा माणूस चावी घरी ठेवून इतक्या लांब येऊ शकतो, तो असा.

“ये ना पुढं,” लहान्या मागे वळून म्हणाला.

“नको. आणखी कोण भेटंल तुला.”

“नाय थांबत आता कुठं. आईची आण.”

नवशी पुढे आली, पण मोखाडा दिसेपर्यंत खिडकीकडेच तोंड करून बसली. मग हळूहळू वळली. मोहाच्या झाडाखाली उभ्या असलेल्या दोन बायका ओळखीच्या निघाल्या, तिने त्यांना हात केला, आणि त्या बघतच राहिल्या तशी ती खुदकन हसली. लहान्यालाही बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की मुलीच्या गाडीत आपल्या हाताने थोडं पेट्रोल टाकावं अशी त्याला इच्छा झाली. मोखाड्याच्या अलीकडच्या पंपावर त्याने गाडी घेतली.

“गाडी बंद करा,” पंपावरची रंजना म्हणाली.

“चालू राहू दे ना.”

“काका, पेट्रोल हाय, पाणी नाय. बंद करा.”

लहान्याने बटण दाबलं. गाडी बंद झाली. पेट्रोल भरलं. त्याने ब्रेक दाबला, बटण दाबलं. पिवळं चित्र आलं, टुंग झालं, आणि बाकी काही झालं नाही. त्याने जोरात दाबलं. मग हळू दाबलं. मग अंगठ्याने दाबलं.

“रुसली का काय?” नवशी म्हणाली.

मागे मोटारसायकली जमल्या होत्या. त्यांच्यामागे एक टेम्पो आला. दोन जुने जीपवाले चहाची टपरी सोडून धावत आले, कारण लहान्याची गाडी बंद पडलेली पाहणं हे त्यांच्यासाठी जत्रेहून कमी नव्हतं. एकाने बॉनेट उघडायला सांगितलं. दुसरा म्हणाला, चिखलात रुतलेली म्हैस उठवतात तशी हिला मागून उठवली पाहिजे. धक्का मारून चालू करायचं ठरलं, तर स्टिअरिंग जागच्या जागी घट्ट झालेलं. सुदैवाने समोर नाकासमोर आंब्याचं झाड होतं. चार जणांनी ढकलत गाडी सावलीत नेऊन लावली. नवशी आत बसूनच होती. उतर म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

लहान्याला प्रगतीला फोन करायचा नव्हता. एका दिवसात गाडी मोडली, हे मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने फोन केला जव्हारच्या मुनाफला. मुनाफ म्हणजे त्याचा जुना दोस्त, चाव्या बनवणारा. जीपच्या झिजल्या चावीला त्याने आयुष्यभर कानस लावली होती.

“मुनाफ, चावीचा काम हाय. मोखाड्याच्या पंपावर ये.”

“कौनसी चावी? गाडी कौनसी...” एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली.

मुनाफ तासाभराने स्कूटरवरून पोहोचला, सगळ्या चाव्यांची लाकडी पेटी पायाशी ठेवून. आल्याआल्या त्याने पेटी बॉनेटवर उघडली. “बोल लहानूभाय. कैसी थी?” मग एकेक चावी काढून दाखवू लागला. “ही साधी, दोनो तरफ दात. ही जाड टोपीची, टोपीत तांदळाएवढी चिप असते, चिप नसेल तर गाडी चालू होऊन लगेच बंद. ही चाकूसारखी उघडते. ही बटणवाली, दुरून दार खोलते, पण पातं घालावंच लागतं. यातली कोणती?”

“यातली नाय. हिला भोकच नाय.”

मुनाफने वाकून आत पाहिलं. बटण पाहिलं. लहान्याकडे पाहिलं. पेटी बंद केली.

“चावी कहाँ है?”

“देवाजवळ.”

“कौनसे देवाजवळ?”

“घरी. कणसरीपुढं. तांदळात.”

मुनाफ आंब्याच्या बुंध्याला टेकून खाली बसला आणि हसायला लागला. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले आणि समजावलं. “अरे बाबा, ही चावी कुठं घालायची नसते, फिरवायची नसते. फक्त गाडीत जवळ असायला लागते. खिशात असो, पिशवीत असो. चावी जवळ आहे हे गाडीला आपोआप कळतं. जवळ नसेल तर कितीही बटण दाब, ती हलणार नाही.”

पुढच्या सीटवरून नवशीचा आवाज आला.

“गाडीला कळते जवळ कोण हाय नी कोण नाय. गाडी चालवणाऱ्याला तीस वर्सं नाय कळला.”

जीपवाले हसायला तोंड उघडणार होते, पण लहान्याचा चेहरा बघून ते चहाच्या टपरीकडे परत गेले. मुनाफनेही स्कूटर काहीतरी तपासायच्या निमित्ताने लांब नेली. त्याने त्याआधी एक चांगलं काम केलं होतं: लहान्याच्या शेजारच्या मुकेशला फोन लावून दिला होता. मुकेश मोटारसायकलने चावी घेऊन निघणार होता. पण पाड्यावरून इथवर यायचं म्हणजे दुपार टळणार.

लहान्या गाडीत येऊन बसला.

“चल, पायी जाऊ,” तो म्हणाला. “अर्धा तास तं लागंल. हळद थांबलीय तुझ्यासाठी. मी पण येतो चालत.”

नवशीने पिशवी मांडीवर ओढली. दाराला हात घातला. आणि मग तिचे डोळे भरून आले, ते तिने लपवलंही नाही.

“मी आज ठेवणीतली साडी नेसले ती पायी जायाला?” ती म्हणाली. “तुझ्या जीपमधी सगळा गाव पुढं बसला. मीच नाय बसले. मला गाडीची हौस नाय रे, पोरीच्या बा. मला वाटायचा, तू चालवशील नी मी बाजूला बसंन, एक दिवस. दुसरा कोण नसंल. बास.”

लहान्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते, गाडी बंद होती तरी. ज्या बायकोला आपण रोज ‘घरचीच हायस’ म्हणत उतरवलं, ती रोज कुठे बसायला बघत होती हे त्याला आज कळलं, आणि लाजेने त्याचे कान तापले. घाटात ब्रेक निकामी झालेली जीप त्याने एकदा सावरली होती. तेव्हाही तो इतका घाबरला नव्हता.

त्याने फोन उचलला आणि ज्याला आयुष्यात कधी स्वतःहून फोन केला नव्हता त्याला लावला.

“धर्मेंद्र, मी लहान्या बोलतो. मी चुकलो. चावी घरी ठेवून आलो नी गाडी पंपावर बंद पडली. हसायचा तेवढा नंतर हस. तुझी बहीण आज पायी येणार नाय. तुम्ही हळद हिकडं आणा.”

पलीकडून धर्मेंद्र म्हणाला, “दाजी, नवरीला पंपावर आणू?”

“आण.”

नवशी त्याच्याकडे बघत होती. “येडा झालास काय?” ती म्हणाली, पण दारावरचा हात तिने काढला होता.

मग जवळजवळ तासभर दोघांना काहीच काम नव्हतं. आपल्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, एवढा वेळ आपण नुसते बसून कधी बोललोच नव्हतो, हे बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. नवशीने त्याला प्रगतीसाठी आलेल्या एका स्थळाचं सांगितलं, जे तिने महिनाभर पोटात ठेवलं होतं. लहान्याने डोळ्यांना अंधुक दिसतं ते सांगितलं, जे त्याने वर्षभर लपवलं होतं. नवशी चिडली, मग म्हणाली, पुढल्या आठवड्यात दवाखान्यात जाऊ. रंजनाने दोन चहा आणून दिले.

आणि मग ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत चटईवर हर्षाली, तिच्याभोवती बायका, लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी, हळदीची वाटी घेतलेली प्रगती आणि डोक्याला नवा फेटा बांधलेला धर्मेंद्र. पंपावरच्या मोटारसायकलींनी वाट करून दिली. धवलेरीने गाणं थांबवलं नव्हतंच. फक्त पंपाजवळ येताच आवाज चढवला.

“बाबा, चावी जप म्हणले ना तुला?” प्रगती खाली उतरत म्हणाली.

“जपलीच हाय,” लहान्या म्हणाला. “तुझ्याहून चांगली जपली.”

नवशी उतरायला लागली, तर प्रगतीने तिला खांद्याला धरून बसवलं. “बस आये. तिथूनच लाव.” हर्षाली खिडकीपाशी येऊन वाकली. आत्याने पुढच्या सीटवर बसून, खिडकीतून हात बाहेर काढून, भाचीच्या कपाळाला, गालांना, हातांना पहिली हळद लावली. बायका गात होत्या. मोखाड्याला निघालेली एक एसटी हळू झाली आणि खिडक्यांतून माणसं वाकून बघू लागली. नवशीने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं. थोडी हळद स्टिअरिंगलाही लागली.

ती पुसून होते न होते तोच मुकेश आला. मोटारसायकलच्या टाकीवर, पोटाशी धरून त्याने अख्खी टोपली आणली होती. तांदूळ, कुंकू, रेशन कार्ड, सगळ्यासकट.

“अरे, नुसती चावी आणायची!” मुनाफ ओरडला.

“देवाजवळची वस्तू हाय. मी कशी उचलू?” मुकेश म्हणाला. वाटेत त्याने टोपली एकदाही खाली ठेवली नव्हती. वळणावळणाला पडायच्या बेतात आला होता, पण तांदळाचा दाणा सांडला नव्हता.

नवशीने टोपली मांडीवर घेतली. चावी तांदळात होती तशीच. लहान्याने ब्रेक दाबला, बटण दाबलं, आणि गाडी गुरगुरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मुनाफने सर्वांत जोरात.

आता परत निघायची घाई झाली. नवरी ट्रॉलीत चढली, बायका चढल्या. धर्मेंद्र फेटा सावरत गाडीपाशी आला. नव्या गाडीतून आपल्या दारात उतरायचं त्याच्या मनात आलं होतं, आणि नवरीच्या बापाच्या मनात ते आलं तर त्यात काही वावगं नव्हतं. त्याने नेहमीच्या हक्काने पुढचं दार उघडलं.

“ताई, तू मागं बस जरा. मी दाजींना रस्ता दावतो.”

नवशीचा हात सवयीने पट्ट्याकडे गेला. टोपली उचलून ती सरकूही लागली होती.

“पुढं जागा नाय, धर्मेंद्र,” लहान्या म्हणाला.

धर्मेंद्रला वाटलं, दाजी गंमत करतात. तीस वर्षांत लहान्याच्या तोंडून जागा नाही हे शब्द जव्हार-मोखाड्यात कुणी ऐकले नव्हते. वीस माणसं बसलेल्या जीपमध्येही त्याने एकविसाव्याला ‘सरका जरा’ म्हटलं होतं. टपरीवरच्या दोन्ही जीपवाल्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले.

“म्हणजे?”

“म्हणजे तू मागं बस. नायतर ट्रॉलीत जा. पुढं माझी बायको बसते.”

धर्मेंद्र फेट्यासकट मागे बसला. नवशीने पट्टा पुन्हा लावला, टोपली मांडीवर नीट ठेवली आणि खिडकीबाहेर बघू लागली. हळद डोळ्यांत गेलीय, असं ती कुणी विचारलं नसताना म्हणाली. लहान्याने गाडी ट्रॅक्टरच्या मागे घेतली आणि मोखाड्यातून जाताना, गरज नसताना, अगदी हळू चालवली.